ग्राफ्टबरोबर त्याचा कागदही द्या

प्रति,
पुण्यातले व्हॅस्क्युलर सर्जन, नेफ्रॉलॉजिस्ट आणि डायलिसिस केंद्रांचे चालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी डायलिसिस टेक्निशियन. या कामात १९ वर्षं झाली, त्यातली १४ पुण्यात. पहाटे साडेपाचला केंद्राचं कुलूप उघडणाऱ्यांपैकी मी एक. तुमच्यापैकी काहींशी फोनवर बोललो असेन, बहुतेकांनी मला पाहिलेलंही नसेल. तुम्ही ज्या हातात ग्राफ्ट, म्हणजे डायलिसिससाठीची कृत्रिम रक्तवाहिनी, बसवता, तो हात पुढे आठवड्यातून तीनदा माझ्यासमोर उशीवर येतो. आपली ओळख आहे ती एवढीच, पण ती पुरेशी जवळची आहे असं मला वाटतं.

पत्र जाहीर लिहितोय, कारण हे एका डॉक्टरांच्या किंवा एका रुग्णालयाच्या कानावर घालून मिटणारं नाही. शिवाय ज्यांच्या हातात ग्राफ्ट आहे त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही ते वाचावं.

आधी माझीच चूक सांगतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी भोरकडचे एक काका आमच्याकडे आले. डाव्या हाताला कोपराखाली ग्राफ्ट, यू अक्षरासारखा वळसा घालून बसवलेला. आम्ही त्याला लूप म्हणतो. ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालेलं. डिस्चार्ज कार्डावर ग्राफ्टबद्दल एकच ओळ होती: डाव्या हातावर एव्ही ग्राफ्ट केला, आणि तारीख. ग्राफ्ट कुठल्या कंपनीचा, किती मिलिमीटरचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्त कुठल्या बाजूने शिरतं नि कुठल्या बाजूने परत जातं, याबद्दल अवाक्षर नाही. लूपच्या दोन दांड्या असतात. एक धमनीला जोडलेली, दुसरी शिरेला. त्वचेवरून दोन्ही सारख्याच दिसतात. रक्त ओढणारी लाल सुई धमनीकडच्या दांडीत जायला हवी आणि रक्त परत सोडणारी निळी सुई शिरेकडच्या. उलटं झालं की मशिनने नुकतंच स्वच्छ करून सोडलेलं रक्त पुन्हा मशिनमध्येच ओढलं जातं. घासलेली भांडी परत घासायला घ्यायची आणि खरकटी तशीच मोरीत ठेवायची, तसा प्रकार.

मी अंदाज केला. बहुतेक हातांत धमनीची दांडी ज्या बाजूला पाहिली होती, तीच बाजू धरली. सलग नऊ डायलिसिस उलटे झाले. पहिल्यांदा लक्षात आलं ते काकूंच्या. "पूर्वी डायलिसिस झालं की घरी जाऊन भाकरी खायचे, आता नुसते पडून राहतात." मग रक्ताचे रिपोर्ट आले, युरिया हवा तेवढा उतरलाच नव्हता. तेव्हा कुठे मी लूपच्या बरोबर मध्यावर बोटाने दाब दिला आणि दोन्ही दांड्या चाचपल्या. दाबल्यावर ज्या दांडीत ठोका उडत राहतो ती धमनीची, जी शांत होते ती शिरेची. दहा सेकंदांचं काम. ते मला शिकवलेलं होतं, मी इतरांना शिकवलंही होतं, आणि काकांच्या हातावर केलं नव्हतं. माफी मागितली तर काका म्हणाले, "तुमी तरी काय करणार, कुटं लिवलंय का?" त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, आणि नंतर त्याचीच जास्त लाज वाटली. पण काका म्हणाले ते खोटं नव्हतं. कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे. ग्राफ्ट शरीरात जातो त्याच दिवशी त्याचा पत्ता कागदावर उतरवून रुग्णाच्या हाती द्या. कृत्रिम रक्तवाहिनी आणखी सुरक्षित करायचे शोध जगभर चालू आहेत, त्याबद्दल पुढे लिहितो. पण आज, आहे त्याच नळीने, आपण जे जीव वाचवू शकतो ते या कागदाअभावी धोक्यात जातात.

डायलिसिसशी संबंध न आलेल्यांसाठी थोडं सांगतो. मशिनला मिनिटाला साधारण दोनशे-तीनशे मिलिलिटर रक्त अखंड लागतं, आणि हातावरची साधी शीर ते देऊ शकत नाही. म्हणून धमनी आणि शीर एकमेकींना जोडून फिस्टुला करतात. ब्रेशिया आणि सिमिनो या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ साली ही युक्ती मांडली आणि आजही पहिली पसंती तिलाच आहे, कारण त्यात परकं काहीच नसतं. पण शिरा बारीक असल्या, सलाइनने जळून गेल्या असल्या किंवा फिस्टुला दोनदा बंद पडला असला, की धमनी आणि शीर यांच्यामध्ये कृत्रिम नळी टाकावी लागते. तो ग्राफ्ट. मानेतल्या कॅथेटरपेक्षा तो बरा, त्यात जंतुसंसर्ग कमी होतो. फिस्टुलापेक्षा मात्र जास्त होतो.

नळी कशाची, तर बहुतेक वेळा नॉनस्टिक तव्यावर असतं त्या टेफ्लॉनच्या कुळातल्या पदार्थाची. १९६९ साली बॉब गोर या अमेरिकन माणसाने तापवलेली टेफ्लॉनची कांडी हळूहळू ताणायच्या ऐवजी वैतागून झटक्यात ओढली. ती तुटली नाही, दसपट लांबली आणि तिच्यात सूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. त्याच्या आधी कापड होतं. आर्थर व्हूरहीज या सर्जनने १९५२ साली विन्यॉन नावाच्या कापडाच्या नळ्या कुत्र्यांच्या महाधमनीत बसवून दाखवल्या. अमेरिकन सर्जन मायकेल डिबेकी यांची गोष्ट तर वैद्यकात सगळ्यांना पाठ आहे. ते ह्यूस्टनच्या दुकानात नायलॉन घ्यायला गेले, नायलॉन संपलं होतं, दुकानदाराने डेक्रॉन हे पॉलिएस्टरचं कापड पुढे केलं. डिबेकींनी ते घरी आणून बायकोच्या शिलाई मशिनवर नळी शिवली. ऐकायला गंमत वाटते. पण पुढे असं दिसलं की नायलॉन शरीरात गेल्यावर आपली ताकद गमावत जातं, आणि डेक्रॉन टिकतं. म्हणजे त्या दिवशी दुकानात नायलॉन असतं तर? अशा योगायोगावर आज कुणी माणसाच्या अंगात वस्तू घालू नये म्हणून आयएसओ ७१९८ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. नळी किती दाबाला फुटते, टाका ओढला तर कडेला फाटते का, भिंतीतून पाणी किती झिरपतं, हे सगळं त्यानुसार तपासतात.

आमच्या कामाच्या दृष्टीने मात्र त्या नळीचा मोठा दोष एकच. ती जिवंत नाही. शिरेला सुई टोचली तर शीर स्वतःला सांधते. टेफ्लॉनला भोक पडलं की ते भोक राहतं. बाहेरून शरीराची ऊती चढते आणि बूच बसल्यासारखं होतं, एवढंच. आता हिशोब करा. एका डायलिसिसला दोन सुया, आठवड्याला तीन डायलिसिस, वर्षाला ३१२ भोकं. आणि ही इंजेक्शनची सुई नव्हे. आम्ही वापरतो ती सोळा किंवा पंधरा गेजची, दीड मिलिमीटरपेक्षा जाड. ही ३१२ भोकं वीतभर नळीवर शिडीच्या पायऱ्यांसारखी पसरली तर ग्राफ्ट वर्षानुवर्षं चालतो. तीच भोकं दोन इंचांत पडली तर तिथली भिंत चाळणी होते, वरची कातडी पातळ होते, फुगा येतो.

मग आम्ही एकाच जागी का टोचतो? कारण तिथे दुखत नाही. रुग्ण स्वतः बोट ठेवून सांगतो, "इथंच टोचा." सकाळच्या शिफ्टला दहा रुग्ण एकदम आत येतात, प्रत्येकाला आधी आपलं मशिन सुरू व्हायला हवं असतं, आणि नव्या जागी सुई घालायला धीर लागतो. शिवाय ग्राफ्ट पुढे कुठपर्यंत जातो, जोड कुठे आहे हे माहीत नसलं की टेक्निशियन ओळखीची जागा सोडत नाही. चित्र असेल तर तो दोन इंच पुढे जायची हिंमत करतो. कागदाचा आणि सुरक्षिततेचा संबंध आहे तो असा.

मांजरी बुद्रुकच्या बाजूच्या एक मावशी होत्या. दंडातला ग्राफ्ट. त्यांच्याबद्दल लिहावं की नाही, यात दोन दिवस गेले. टोचायच्या जागेवर ज्वारीच्या दाण्याएवढी खपली होती आणि भोवतीची कातडी चकचकीत झाली होती, पिकल्या बोराच्या सालीसारखी. माझ्या सहकाऱ्याने शीटवर 'खपली आहे' असं लिहिलं. मी ते वाचलं. सर्जनना दाखवून घ्या असं मावशींना सांगितलं. कुठल्या सर्जनना? ऑपरेशन केलेलं रुग्णालय त्यांच्या मुलाला आठवत होतं, डॉक्टरांचं नाव नाही. तिसऱ्या रात्री ती खपली निघाली. घरच्यांनी घाबरून दंडाला टॉवेल गुंडाळला, तो भिजला की वरून दुसरा. टॉवेलने रक्त थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. रुग्णालयात पोचेपर्यंत उशीर झाला.

खपली, चकचकीत कातडी, वाढत जाणारा फुगा, मधूनच आपोआप आलेला रक्ताचा थेंब: यातलं काहीही दिसलं तर 'पुढच्या वेळी दाखवू' नाही, त्याच दिवशी सर्जन. आणि घरी धार लागलीच तर बोट थेट भोकावर, जोरात, हात वर उचलून, आणि १०८ ला फोन. बोट काढून बघायचं नाही. हे वाक्य तुमच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात छापलं जावं. डिस्चार्ज कार्डावर 'पाणी उकळून प्या' छापलेलं मी पाहिलंय. ज्याला दिवसाला लिटरभरसुद्धा पाणी प्यायची मुभा नाही, त्याच्या कार्डावर.

दुसरा धोका आवाज न करता येतो. नळी जिथे शिरेला जोडलेली असते, तिथे शिरेची आतली भिंत हळूहळू जाड होत जाते. नळी कडक, शीर मऊ. धमनीचा जोर शिरेला सोसवत नाही आणि जोडापाशी रक्त घुसळतं. माणसाच्या ग्राफ्टला आतून स्वतःचं अस्तर पुरतं येतही नाही. जोडापासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकतं आणि थांबतं, मधली नळी उघडीच. त्यामुळे जोड अरुंद झाला, रक्त मंदावलं की गुठळी व्हायला वेळ लागत नाही. रुग्ण संध्याकाळी हात चालू ठेवून झोपतो आणि सकाळी हात बंद.

पण त्याआधी ग्राफ्ट सांगत असतो. निळ्या सुईकडचा दाब, ज्याला आम्ही व्हेनस प्रेशर म्हणतो, आठवड्यागणिक चढतो. सुई काढल्यावर रक्त थांबायला पूर्वी दहा मिनिटं लागायची तिथे पंचवीस लागतात. हात सुजतो. हे सगळे आकडे आमच्या शीटवर लिहिलेले असतात. रोजची शीट रोज फाइलला लागते आणि कुणीही पाच शीटा शेजारी ठेवून बघत नाही. मीही बघत नव्हतो.

आणि मशिनपेक्षा शहाणा असतो रुग्णाचा स्वतःचा तळवा. चालू ग्राफ्टवर हात ठेवला की आत सतत थरथर लागते. मावश्या म्हणतात, मांजर गुरगुरतंय. आमच्याकडे एक तरुण आहे, आजारी पडायच्या आधी ढोल-ताशा पथकात होता, अजूनही विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी डायलिसिसची वेळ बदलून घ्यायला तो सगळ्यांच्या आधी येतो. (रस्ते बंद असतात हे कारण खरं, पण त्याचं खरं कारण आम्हाला ठाऊक आहे.) तो म्हणतो, "सर, हातात ताशा वाजतोय." गेल्या वर्षी एका सोमवारी आला आणि म्हणाला, "आज ताशा नाही, नुसता ढोल आहे." मी हात ठेवला. थरथर गेली होती, ठण्ण ठण्ण ठोका उरला होता. पुढे रस्ता अरुंद झाला की असंच होतं. त्याच दिवशी पाठवला, जोड आतून फुगा फुगवून रुंद केला, ग्राफ्ट वाचला. अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०१९ च्या सूचनांमध्येही हाताने, डोळ्यांनी, कानाने नियमित तपासण्यावर भर आहे. त्याला पैसे लागत नाहीत. पण ऑपरेशननंतर किती रुग्णांना आपण त्यांचा हात त्यांच्याच ग्राफ्टवर ठेवून 'हे असं लागायला हवं' म्हणून दाखवतो?

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. दंडात ग्राफ्ट असेल तर ब्लाउजच्या बाहीची काठ बरोबर त्यावर येते, आणि आपल्याकडे बाह्या घट्ट शिवायची पद्धत. कोपराखाली असेल तर बांगड्या. घरात लग्न निघालं की चुडा भरायला बसतात आणि कासार हात दाबूनच बांगडी चढवतो. मी एकींना म्हटलं की त्या हातात नको, तर त्या म्हणाल्या, "एका हाताला मोकळं कसं ठेवू?" शेवटी त्यांच्या सुनेने सैल बांगड्या आणल्या. डॉक्टरांनी हे कार्डावर लिहिलं असतं तर सासूबाईंशी वाद मला घालावा लागला नसता.

तर त्या कागदावर काय असावं? ग्राफ्टच्या खोक्यात बॅच नंबरची चिकटवायची लेबलं असतात. ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर त्यातलं एक केस पेपरवर लावते आणि तो केस पेपर रेकॉर्ड रूममध्ये जातो. एक लेबल रुग्णाच्या कार्डावर लावा. त्याखाली हाताची बाह्याकृती काढा आणि नळीचा मार्ग पेनाने ओढा, धमनीच्या टोकाला बाण. चित्रकला नको, माझ्या पुतणीला येईल एवढं पुरे. व्यास लिहा, कारण एका टोकाला चार आणि दुसऱ्याला सात मिलिमीटर अशा निमुळत्या नळ्याही येतात. पहिली सुई कधी चालेल ते लिहा. नेहमीच्या ग्राफ्टला दोन-तीन आठवडे थांबावं लागतं, लवकर टोचता येणारे वेगळे असतात, आणि आमच्या दारात रुग्ण आला की आम्हाला दोन्ही सारखेच. नळीला आतून हेपॅरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, लेप असेल तर तेही लिहा. रुग्णाच्या प्लेटलेट अचानक उतरल्या तर ते हेपॅरिनमुळे असू शकतं, म्हणून आम्ही मशिनमधलं हेपॅरिन बंद करतो आणि समजतो की झालं. हातातल्या नळीत ते आहे हे आम्हाला कोण सांगणार? आणि शेवटी एक फोन नंबर, जो रविवारीही उचलला जातो. या नंबराबद्दल तुम्ही कुरकुर कराल हे मला माहीत आहे.

पोटातल्या महाधमनीला डेक्रॉनची नळी बसवली जाते, तिथेही कार्ड हवंच. त्यातल्या काही नळ्यांना गळती थांबवायला गाईबैलांपासून काढलेल्या कोलॅजनचा लेप असतो. रुग्णाला ते आधी कळायला हवं, त्याचं उत्तर काहीही असो.

युरोपात अंगात राहणाऱ्या उपकरणाबरोबर रुग्णाला इम्प्लांट कार्ड द्यायचं बंधन कायद्यानेच आहे. आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ आले, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. जास्त जोखमीच्या सगळ्याच उपकरणांना परवाना सक्तीचा झाला तो १ ऑक्टोबर २०२३ पासून. चांगलंच आहे. पण परवाना खोक्याला मिळतो. खोकं फोडून नळी हातात गेली की ती कुणाच्या हातात आहे, याचा माग राहत नाही. माग नसला की काय होतं ते खुब्याच्या कृत्रिम सांध्यांच्या वेळी देशाने पाहिलं. २०१० मध्ये एका परदेशी कंपनीचा सदोष सांधा जगभरातून मागे घेतला गेला. भारतात तो बसवायच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि सरकारी समितीने काही वर्षांनी शोध घेतला तेव्हा जेमतेम हजारभर रुग्ण सापडले. उद्या एखाद्या ग्राफ्टची बॅच मागे घ्यावी लागली तर पुण्यातले किती रुग्ण आपल्याला सापडतील? मला माझे सापडतील, कारण ते मंगळवारी येतातच. पण त्यांच्या हातात कुठली बॅच आहे ते मी सांगू शकणार नाही.

तक्रार करायची सोयही आहे. मटेरिओव्हिजिलन्स नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम ६ जुलै २०१५ ला सुरू झाला, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून तो चालतो. उपकरणाने त्रास दिला तर डॉक्टर, टेक्निशियन, स्वतः रुग्णसुद्धा कळवू शकतो. मी १७ वर्षं काम केल्यावर पहिला अर्ज भरला. त्यात एक रकाना बॅच नंबरचा होता. तो रिकामा ठेवावा लागला.

आता संशोधकांकडे, म्हणजे पाषाणकडे वळतो. एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसमोरून मी रोज दुचाकीने जातो. पॉलिमरवर, म्हणजे प्लास्टिकच्या कुळातल्या पदार्थांवर, इतकं काम करणारी संस्था, विद्यापीठाच्या आवारात पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस, पलीकडे आयसर ही विज्ञान संशोधन संस्था, हे सगळं एका शहरात आहे. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची झडप देशात बनवून १९९० मध्ये माणसात बसवली. आपल्याकडेही ग्राफ्टवर काम करणारे असतील किंवा करू इच्छिणारे असतील. त्यांना एवढंच सांगायचंय की एक शिफ्ट आमच्याकडे येऊन बसा. प्रयोगशाळेत नळी फुटते की नाही हे तपासलं जातं, पण तीनशे बारा वेळा जाड सुई खाऊन, घामेजल्या हातात, एप्रिलच्या उकाड्यात, साबणाने धुवायला विसरलेल्या कातडीखाली ती कशी वागते हे आमच्या उशीवर दिसतं. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्या लवकर बंद पडतात, टोचलेलं भोक आपलं आपण मिटणारी भिंत हवी, जंतू चिकटणार नाहीत असा पृष्ठभाग हवा. या तीन गोष्टींवर आयुष्य घालवावं इतकं काम आहे.

नवं म्हणजे सुरक्षितच, असं मात्र मानू नका. माणसाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली आणि मग पेशी धुऊन काढलेली सिम्वेस ही रक्तवाहिनी अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केली, हातापायाच्या धमनीच्या दुखापतींसाठी. मोठंच पाऊल. पण त्याच मंजुरीत चौकटीत ठळक इशाराही आहे की नळी मध्येच फुटून किंवा जोड सुटून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. तो इशारा तिथे लिहिलेला आहे, हेच मला त्या बातमीत सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना दोन गोष्टी. लांब ग्राफ्टमधून तुकडा कापून उरलेला भाग पुन्हा निर्जंतुक करून दुसऱ्याला वापरणं कुठे होत असेल तर ते थांबवा. बचतीची गरज मला कळते, पण ती नळी एकदाच वापरायला बनवलेली आहे. आणि दुसरी गोष्ट ग्राफ्टच्याही आधीची. किडनीचा आजार कळलेला रुग्ण तुमच्या वॉर्डात तापासाठी दाखल झाला तर त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या शिरांना हात लावू नका. रक्त तळहाताच्या मागून काढा, सलाइन तिथेच लावा. वॉर्डातली नवी सिस्टर मोठी ठसठशीत शीर बघून तिथेच सुई घालते, यात तिचा दोष नाही, तिला कुणी सांगितलेलं नसतं. ती शीर शाबूत राहिली असती तर कदाचित फिस्टुला झाला असता आणि हे पत्र त्या रुग्णाच्या कामाचंच उरलं नसतं.

आम्हीही सुरुवात केली आहे. केंद्रात एक दोनशे पानी वही ठेवली आहे, प्रत्येक ग्राफ्टला एक पान. वर हाताचं चित्र, खाली दर आठवड्याचा व्हेनस प्रेशर एकाखाली एक, म्हणजे चढ डोळ्याला दिसतो. सुईची जागा रोज पेन्सिलीने टिंब देऊन दाखवायची आणि आधीच्या टिंबापासून अर्धा सेंटिमीटर तरी दूर जायचं, असा नियम केला. पहिल्या महिन्यात रुग्ण कुरकुरले, 'इथंच टोचा' वाले काका एकदा रागावून उठूनही गेले. परत आले.

सध्या आमच्याकडे ग्राफ्टचे ११ रुग्ण आहेत. त्यातल्या चौघांच्या चित्राखाली ऑपरेशन करणाऱ्या सर्जनची सही आहे. उरलेली सात चित्रं मी बोटांनी चाचपून काढली आहेत आणि त्यातली किती बरोबर आहेत याची मला खात्री नाही. तुमच्यापैकी कुणी ती तपासून द्याल का? शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास दुसरी शिफ्ट सुटते आणि तिसरी बसते. मधल्या पाऊण तासात जाणारे आणि येणारे दोन्ही रुग्ण बाकावर बसलेले असतात, हात मोकळे असतात. चहा आम्ही देऊ.

आपला,
एक डायलिसिस टेक्निशियन
पुणे